'आयएनजी'ची पाटी

मार्च १९८८ च्या दहावीच्या परीक्षेत आम्ही इंग्रजीत सहा गुणांनी गेलो. बाकी सर्व विषय सुटले, बीजगणितसुद्धा. वडिलांनी गुणपत्रिका उलटसुलट पाहिली, घडी घालून खिशात ठेवली, आणि सोमवारपासून आम्ही डबा घेऊन कारखान्याच्या वाटेला लागलो.

घात झाला होता तो मात्र आठवीतच. शब्दाच्या शेवटी 'आयएनजी' दिसला की 'त आहे' लावा, असे आम्हांला शिकवले होते. 'ही इज वॉकिंग', तो चालत आहे. इथपर्यंत ठीक. मग फळ्यावर वाक्य आले, 'वॉकिंग इज गुड एक्सरसाइज.' आम्ही उभे राहून सांगितले, "चालत आहे चांगला व्यायाम आहे." वर्ग हसला. गुरुजीही हसले. त्यानंतर इंग्रजीच्या तासाला आम्ही तोंड उघडले नाही.

हे सारे परवा पुन्हा आठवले. आमची धाकटी कारकुनाच्या जागेसाठी इंग्रजीत अर्ज लिहीत होती. शेवटचे वाक्य होते, 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.' वस्तीतल्या अभ्यासिकेत एका मुलाने 'हिअर'भोवती लाल गोल केला आणि वर लिहिले 'हिअरिंग'. पोर घरी येऊन म्हणाली, "पप्पा, 'टू'नंतर मूळ क्रियापद येते, असेच शिकवले ना? मी नाही पाठवत हा अर्ज. लोक हसतील."

हसतील, हा शब्द आम्हांला लागला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला निघालो, तर फलाटाच्या टोकाला नेहमीची पाटी. वर मराठीत 'रेल्वे रूळ ओलांडणे धोकादायक आहे', खाली इंग्रजीत 'क्रॉसिंग रेल्वे ट्रॅक्स इज डेंजरस'. इतकी वर्षे तिच्याखाली उभे राहिलो, पण त्या दिवशी वाचली. 'क्रॉसिंग' म्हणजे 'ओलांडत आहे' नव्हे, 'ओलांडणे'! मराठीत 'त' वेगळा, 'णे' वेगळा. इंग्रजीने दोन्ही कामे एकाच 'आयएनजी'ला दिली आहेत. 'णे'चे काम करतो, क्रियापदाचे नाम करतो, तो जेरंड. मराठी व्याकरणात त्याला धातुसाधित नाम म्हणतात. 'नो पार्किंग', 'नो स्मोकिंग' हे सारे तेच. आपण रोजच वाचतो.

त्या पाटीवर आणखी एक गंमत आहे. रूळ अनेक, तरी 'आर' नाही, 'इज' आहे. कारण धोकादायक रूळ नाहीत, ओलांडणे आहे, आणि ते एकच. 'क्रॉसिंग रेल्वे ट्रॅक्स' हे तीन शब्द मिळून एका नामाची जागा घेतात.

संध्याकाळी पोरीला घेऊन बसलो. 'ऑफ', 'फॉर', 'बाय', 'विदाउट' यांच्यामागून क्रिया आली की ती 'आयएनजी' घेऊन येते. 'फॉन्ड ऑफ रीडिंग', वाचण्याची आवड. इथे आपला 'णे'सुद्धा 'ण्या' होतो, पाहा. मात्र दर वेळी मराठी जुळेलच असे नाही. 'विदाउट पेइंग' म्हणजे 'पैसे न देता', तिथे 'णे' शोधत बसू नये.

अडचण 'टू'ची. हा दुतोंडी आहे. 'आय वाँट टू गो'मध्ये तो मूळ क्रियापद मागतो. 'लुकिंग फॉरवर्ड टू'मध्ये तो 'कडे'सारखा आहे, त्याला नाम हवे. ओळखायचे कसे? तिथे एखादे साधे नाम ठेवून पाहावे. 'लुकिंग फॉरवर्ड टू युअर लेटर' बरोबर लागते, म्हणून 'टू हिअरिंग'. 'आय वाँट टू लेटर' लागत नाही, म्हणून 'टू गो'. पोरीने दोन्ही वाक्ये मोठ्याने म्हणून पाहिली आणि 'हिअर'पुढे स्वतःच 'आयएनजी' जोडला.

'एन्जॉय', 'फिनिश', 'अव्हॉइड' यांच्यामागे 'आयएनजी'च का, आणि 'होप', 'डिसाइड' यांच्यामागे 'टू'च का, असे तिने विचारले. त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. ते पाठच करायचे, पाढ्यांसारखे. काही क्रियापदे दोन्ही घेतात, पण अर्थ फिरतो. 'ही स्टॉप्ड स्मोकिंग' म्हणजे त्याने विडी सोडली. 'ही स्टॉप्ड टू स्मोक' म्हणजे विडी ओढायला तो वाटेत थांबला.

आमच्या मंडळी चुलीपाशी भाकरी थापत ऐकत होत्या. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. म्हणाल्या, "मग तुमचे यातले कोणते?"

पोरगी हसली, आम्हीही हसलो. अर्ज सकाळी टपालात पडला.