निरवानिरव

गावाला निघालेला गृहस्थ किल्ली कोणाकडे, दुधाचा हिशेब किती, देवपूजा कोणी करावयाची, हे सांगून मगच उंबरठा ओलांडतो. जेथून परत येणे नाही त्या प्रवासाची निरवानिरव करण्यास मात्र आपण कचरतो. या संकोचाची किंमत आमच्या घरी कोणी दिली, ते सांगतो.

माझे वडील बंधू दादा यांनी नोकरीच्या मिळकतीतून स्वतःचे घर बांधले. सासर सुटल्यावर आमची धाकटी बहीण तीस वर्षे त्याच घरी राहिली. वहिनींचे आजारपण, पुतण्यांच्या मुंजी, सारे तिनेच निभावले. “माझ्यामागे मागची खोली तिचीच,” असे दादा म्हणत. एकदा त्यांनी मजजवळ मृत्युपत्राचा विषय काढला, तेव्हा मी हसून म्हणालो, “दादा, शुभ बोल नाऱ्या!” ते गप्प झाले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

दृष्टी अधू झाल्यावर त्यांनी मला मुखत्यारपत्र करून दिले होते. ते गेल्यावर त्याच्या बळावर खोली बहिणीच्या नावे करावी, अशा भ्रमाने मी वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, “मास्तर, देणाऱ्याबरोबर मुखत्यारपत्रही जाते.” १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे देणारा निवर्तला किंवा त्याची बुद्धी भ्रष्ट झाली, की मुखत्याराचा अधिकार संपतो. उलट मृत्युपत्र करणारा हयात असेतो निद्रिस्त असते व तो गेल्यावर जागे होते. एकाचे काम दुसऱ्याने होत नाही.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात माता, पत्नी, पुत्र, कन्या हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. ते असता बहिणीस काही मिळत नाही. पुतण्यांनी घर विकले; कायद्याने ते चुकले नाहीत. बहीण दोन ट्रंका घेऊन माझ्याकडे आली. “अण्णा, दादा विसरला का रे?” तिने विचारले. मला उत्तर देववले नाही.

मिताक्षरेच्या परंपरेत अविभक्त हिश्शाचे मृत्युपत्र करता येत नसे. निराधार बाईला एकत्र कुटुंबाचाच आधार असे. १९५६ च्या कायद्याने तो हिस्साही मृत्युपत्राने देण्याची मुभा दिली. कुटुंबे विभागली, परंतु ‘घरचे पाहून घेतील’ ही आपली समजूत जुनीच राहिली.

वास्तविक काम फारसे कठीण नाही. मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाही; नोंदणी ऐच्छिक असली तरी करणे हिताचे. बुद्धी स्थिर असताना स्वतः सही करावी व ती पाहणाऱ्या दोघांनी आपल्यासमक्ष साक्षी घालाव्यात; साक्षीदार शक्यतो लाभार्थी नसावेत. नामनिर्देशनावर विसंबू नये. नामनिर्देशित व्यक्ती त्यामुळे समभागांची मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले आहे.

गेल्या अक्षय्यतृतीयेस मी माझे मृत्युपत्र केले. घर मुलांचे, परंतु पूर्वेच्या खोलीत बहिणीस तहहयात राहण्याचा हक्क. ते तिला वाचून दाखविले आणि दादांना मी कसे गप्प केले, तेही सांगितले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “म्हणजे तो विसरला नव्हता.”

वाचकहो, आपल्याही घरी अशी एखादी खोली असेल. ती कोणाची, हे तोंडी सांगून थांबू नका. हात चालतो आहे तोवर लिहून ठेवा.