दोन दूधगंगा

बोरगावच्या माणसाला दूधगंगेची ओळख करून द्यावी लागत नाही. परंतु काही वर्षांपूर्वी वैशाखात आम्ही सहकुटुंब काश्मीरला गेलो असता, बडगाम जिल्ह्यात चाडूऱ्याजवळ एका खळाळत्या नदीचे नाव विचारले आणि उत्तर मिळाले, "दूधगंगा!" आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो. पाण्यात हात घातला, तो क्षणात बधिर झाला.

घरून निघतानाची आमची नदी डोळ्यांसमोर आली. पात्रात डबकी उरलेली, मोटारींचे पाइप उघडे पडलेले, काठचा ऊस वाळू लागलेला. इथे मात्र ऊन चढेल तसे पाणी चढत होते. ही दूधगंगा पीर पंजालच्या बर्फातून निघून झेलमला मिळते. हिवाळ्यात पडलेले बर्फ पर्वत जपून ठेवतो आणि उन्हाळ्यात थोडेथोडे परत देतो.

आमची दूधगंगा राधानगरीकडच्या सह्याद्रीतून येते. भोजच्या परिसरात वेदगंगा तिला मिळते आणि पुढे येडूरजवळ ती कृष्णेत मिसळते. कृष्णेचा सुमारे १४०० किलोमीटरचा प्रवास संपतो तो आंध्रातील हंसलदीवीजवळ, समुद्रात. पण सह्याद्रीवर बर्फ साचत नाही. पावसाळ्याचे पाणी आले तसे धावत सुटते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत काठच्या गावांनी ते अनुभवले. मलिकवाड-दत्तवाड पुलाचे एक टोक कर्नाटकात, दुसरे महाराष्ट्रात. पूर आला की दोन्ही टोके एकाच पाण्याखाली जातात.

बर्फाचे काम इथे माणसांनाच करावे लागते. काळम्मावाडीच्या धरणात सुमारे २५ अब्ज घनफूट पाणी मावते. धरण महाराष्ट्रात असले तरी प्रकल्प दोन्ही राज्यांचा आहे. टंचाईत वरच्यांना वाटते, पाणी खाली गेले. खालच्यांना वाटते, वरच अडले. आमची शेती खाली आणि सोयरीक वर. तेव्हा कोणाच्या बाजूने बोलावे? पर्वत जे न मागता देतो, ते आम्हांला एकमेकांशी समजुतीने वागूनच मिळवावे लागते.

आम्ही परतलो त्या आठवड्यात धरणातून पाणी सुटले होते. प्रवासाच्या पिशव्या ओसरीवर टाकून सारे घाटावर गेलो. पाण्यात हात घातला. ते कोमट होते.