पायाखालचे गुलाब

आजीचे पाय संध्याकाळी सुजायचे. शाळेत दिवसभर फळ्यापाशी उभी राहून ती गिरगावातल्या घरी आली की चपलेच्या पट्ट्यांचे वळ पायांवर उमटलेले असत. डॉक्टरांनी पाय उंचावर ठेवायला सांगितलं, आणि आजोबांनी चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरून ते जुनं फुटस्टूल आणलं. शिसवी लाकडाचं, बुटकं, वाटोळ्या पायांचं. वर गादी, आणि गादीवर काळ्या जमिनीत लोकरीने भरलेले गुलाब.

आजीला ते पाहताक्षणी आवडलं, आणि म्हणूनच त्यावर पाय ठेवणं तिला जमेना. पुस्तकाला, धान्याला, केरसुणीलाही पाय लागला तर नमस्कार करणारी बाई ती. फुलांवर पाय कसे देणार? शेवटी तिने जुन्या लुगड्याची घडी गुलाबांवर अंथरली आणि त्यावर पाय टेकले. शेजारी बसून मी ते चेपायची आणि ती माझ्याकडून पाढे म्हणून घ्यायची.

ते भरतकाम बर्लिनच्या पद्धतीचं, हे मला पुष्कळ पुढे समजलं. एकोणिसाव्या शतकात तिथे चौकटीच्या कागदावर रंगीत नमुने निघत. एक चौकट म्हणजे एक टाका. ते कागद इंग्लंडमध्ये पोचले आणि तिथल्या बायकांनी खुर्च्या, सपाता, पाय ठेवायची स्टुलं गुलाबांनी आणि पोपटांनी भरून टाकली. १८५६ मध्ये विल्यम पर्किनला प्रयोगशाळेत जांभळा रंग गवसला. पुढे अशा कृत्रिम रंगांनी लोकर आणखी झगझगीत झाली.

आजीनंतर फुटस्टूल आईकडे डोंबिवलीला गेलं. तिथे त्यावर टेलिफोन बसला. माझ्याकडे आलं तेव्हा गादी एका अंगाला कलली होती आणि आतली स्प्रिंग कुरकुरत होती.

सोफ्याचं काम करणारे एक वयस्कर कारागीर घरी आले. "ताई, फोम टाकू या, लगेच होईल," म्हणाले. मी म्हटलं, आधी उघडून तर बघू. त्यांनी बारीक चुका एकेक करून उपटल्या. खाली गोणपाट, त्याखाली काळे कुरळे केस, घोड्याचे. हे केस दोरासारखे पिळून उकळतात. मग पीळ सोडला तरी कुरळेपणा राहतो. त्यांनी मूठभर केस दाबले, सोडले. केस उसळून वर आले. फोमचा विषय त्यांनी स्वतःच सोडून दिला. "हे धुऊन, पिंजून परत भरू," म्हणाले. मग सुतळीने प्रत्येक स्प्रिंग आठही बाजूंनी बांधली. गाठ मारण्याआधी ते तळव्याने दाब अजमावत, आणि मनासारखा नसला की सुतळी पुन्हा सोडत.

पण मला खिळवून ठेवलं ते कापडाच्या दुमडलेल्या कडेने. वरचे गुलाब उन्हाने विटून मातकट झाले होते. आत मुडपलेल्या पट्टीत मात्र तोच रंग अजून भडक लालसर जांभळा होता. असे तेजस्वी गुलाब कुणा अनोळखी बाईने चौकटी मोजत मोजत भरले, आणि भरताना तिला माहीत होतं की यावर कुणाचे तरी दमलेले पाय येणार आहेत. तुतानखामुनच्या थडग्यात सापडलेल्या पादपीठांवर जखडलेले शत्रू आहेत, राजाने बसल्या जागी तुडवावेत म्हणून. या बाईने पायांसाठी फुलं निवडली. पायांना एवढा मान दुसऱ्या कुठल्या वस्तूने दिलाय?

म्हणून सजावटीच्या मासिकांतली फुटस्टुलं बघून मला वाईट वाटतं. त्यांवर ट्रे असतो, मेणबत्त्या असतात, पुस्तकं असतात, पाय नसतात. शोभेसाठी जपलेलं फुटस्टूल मला अर्धवट वाटतं. झिजेल म्हणून वापरायचं नाही, हे मला पटत नाही. झिजलं तर पुन्हा भरता येतं, त्याची घडणच तशी आहे.

आमच्याकडे कुणी वडीलधारं माणूस जिने चढून आलं की मी पाण्याच्या तांब्याआधी ते पुढे सरकवते. "अहो, एवढं सुंदर आहे, यावर कसे पाय ठेवू?" असं बहुतेक जण म्हणतातच.

"ठेवा हो काकू," मी म्हणते, "त्यासाठीच केलंय."