किल्ली कोणाकडे?

भोपाळहून होशंगाबादच्या, म्हणजे आताच्या नर्मदापुरमच्या, रस्त्याने पंचवीसेक किलोमीटर गेले की मंडीदीप लागते. भोजराजाच्या विस्तीर्ण तलावातले हे एक बेट, म्हणून नावात 'द्वीप' आले, असे तिथले लोक सांगतात. आज तिथे तलाव नाही, कारखाने आहेत. माझे मामा त्यांपैकी एका कारखान्यात नोकरीला असल्यामुळे सुट्टीत माझे तिकडे जाणे होते.

मंडीदीप भोपाळला खेटून असले तरी त्याचा जिल्हा रायसेन. शहराचा कारभार नगरपालिकेकडे, भोवतालच्या खेड्यांचा ग्रामपंचायतींकडे, तर औद्योगिक भूखंड राज्याच्या महामंडळाकडे. कारखाने वाढतात तशी खेड्यांतील शेते घरांखाली जातात. मग रस्ता, पाणी, गटार यांचा एकत्र विचार कोणी करायचा? मामांच्या चाळीपुढचे गटार दोन हद्दींच्या मधोमध आहे. एका पावसाळ्यात पाणी घरात शिरले तेव्हा मामी अर्ज घेऊन तीन कचेऱ्या फिरली. प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच : हे काम आमचे नव्हे.

असे प्रश्न जिल्ह्याच्या पातळीवरच सुटू शकतात. म्हणून 1993 मध्ये अमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीची तरतूद केली. तिचे चार-पंचमांश सदस्य जिल्ह्यातील पंचायती व नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सभासदांमधून यावेत, म्हणजे गाव आणि शहर एका टेबलाशी बसावे, ही त्यामागील कल्पना. मध्य प्रदेशाने त्यापुढे पाऊल टाकून 1 एप्रिल 1999 पासून 'जिल्हा सरकार' सुरू केले. जिल्ह्यातील कामांच्या मंजुरीसाठी भोपाळची वारी नको, हा हेतू निःसंशय चांगला होता. परंतु समितीचे अध्यक्ष झाले प्रभारी मंत्री आणि सचिव जिल्हाधिकारी.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यातली मेख चटकन कळते. पेढीची शाखा उघडली, पण गल्ल्याची किल्ली मालकाच्या कमरेलाच राहिली! 2003 च्या निवडणुकीत सरकार बदलले आणि पुढे ही व्यवस्था गुंडाळली गेली. जी किल्ली कधी आपल्या हाती आलीच नव्हती, ती गेल्याचे दुःख लोकांना कसे व्हावे?

याउलट आपल्या कर्नाटकाचे उदाहरण पाहा. 1983 च्या कायद्यानुसार 1987 मध्ये जिल्हा परिषदांच्या निवडणुका झाल्या. मंत्री अब्दुल नझीर साब यांच्या आग्रहामुळे अध्यक्षांना राज्यमंत्र्याचा दर्जा मिळाला आणि परिषदेचा मुख्य सचिव जिल्हाधिकाऱ्याहून ज्येष्ठ नेमला गेला. निवडून आलेला माणूस वर, अधिकारी त्याच्या हाताखाली, हा क्रम निदान कागदावर तरी सरळ झाला.

जिल्ह्याला अधिकार दिले तर तिथले बडे लोक पैसा खातील, अशी शंका आमच्या वर्गातही घेतली जाते. ती खोटी नाही. पण दूरच्या राजधानीतील वही तपासायला मामी कधी जाणार? जिल्ह्याची वही निदान हाकेच्या अंतरावर असते, आणि ती लिहिणाऱ्याला पाच वर्षांनी दारात यावे लागते.

मात्र त्यासाठी निवडणूक वेळेवर व्हायला हवी. कर्नाटकातील जिल्हा पंचायतींची मुदत 2021 मध्ये संपली आणि निवडणुका लांबल्या. तेव्हा आपल्यापैकी किती जणांना त्याची रुखरुख वाटली? अधिकार देणाऱ्याने किल्ली द्यावी हे खरेच. पण ती मागण्याची सवय आपल्यालाही लागली पाहिजे.