नावावरून दोष

बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने १७५७ साली व्हर्जिलचे काव्य आपल्या नव्या खिळ्यांनी छापिले. जाड-बारीक रेषांतील भेद ठळक, रेषांची टोके नाजूक. अक्षर मोठे देखणे. परंतु ह्याने वाचकांचे डोळे जातील, अशी एका गृहस्थाने तक्रार केली. तेव्हा फ्रँकलिनने नेहमीच्या कॅस्लन खिळ्यांचा नमुना बास्करव्हिलचा म्हणून त्याच्यापुढे ठेविला. त्याने त्यात भराभर दोष दाखविले!

ही गोष्ट वाचून आम्ही हसलो, आणि लागलीच ओशाळलो. परवाच एक पत्र धाकट्या सूनबाईंचे समजून आम्ही त्या अक्षराला नावे ठेविली. खाली सही निघाली चिरंजीवांची, ज्यांचे अक्षर आम्ही चारचौघांत वाखाणितो. सूनबाई दाराशीच होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, हेच आम्हांस अधिक लागले.