गसचं नाक

शिकारी कुत्र्याच्या आठवणी लिहिणारे बहुधा त्याच्या इमानावर थांबतात. मला ते अपुरं वाटतं. इमान तर दारात बसणाऱ्या कुत्र्याकडेही असतं. पक्ष्यांच्या शिकारीतला कुत्रा लक्षात राहायला हवा तो त्याला जे कळतं आणि माणसाला कळत नाही त्यासाठी. आल्डो लिओपोल्ड यांचा गस हा जर्मन पॉइंटर याचं चांगलं उदाहरण आहे. लिओपोल्ड अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवत, त्या विषयावरचं त्यांचं मोठं पुस्तक १९३३ सालचं. १९३५ साली त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठची कस गेलेली शेतजमीन घेतली आणि तिथल्या कोंबड्यांच्या खुराड्याची राहण्याजोगी खोली केली. ऑक्टोबरमध्ये ब्लॅकबेरीची पानं लाल होत, तेव्हा त्या लाल खुणा धरून ते ग्राउस पक्षी शोधत. या शिकारीवरच्या लेखात कुत्र्याचं नाव येत नाही, पण नातं स्पष्ट आहे: या पक्ष्याबद्दल मालकाला अजून बरंच शिकायचंय असं कुत्र्याचं मत, आणि निसर्ग-अभ्यास हाच पेशा असलेल्या मालकाला ते मान्य. वास घेत घेत कुत्रा थबकतो, अंग ताणून स्थिर होतो. पक्षी दिसत नसतो, पण कुठेतरी समोर आहे हे त्याला ठाऊक असतं. त्या थबकण्यातून मालकाला झुडूप, ओल आणि वारा यांची सांगड घालायला शिकावं लागतं.

यावर सरळ आक्षेप येईल: पक्षी मारायला ठेवलेल्या कुत्र्याकडून निसर्गप्रेम शिकलो म्हणणं खोटं नाही का? दुर्बीण घेऊनही हे शिकता आलं असतं. आलं असतं, हे खरंच. शिकारीचं समर्थन मी करत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो प्रश्न बराचसा मिटलाच आहे. शिवाय माळावर मोकाट फिरणारी कुत्री जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातात, म्हणून कुत्रा रानात नेला की शहाणपण येतं असंही कुणी समजू नये. माझा मुद्दा वेगळा आहे. दुर्बीण आपण म्हणू तिकडेच वळते. कुत्रा वळत नाही. जाणकार माणसाची चूक रानातल्या रानात, तिथल्या तिथे त्याला दाखवणारं दुसरं कोण सोबत असतं?

दुसरा आक्षेप अधिक नाजूक: हे सारं मालकाने कुत्र्याच्या अंगावर चढवलेलं मानवी वागणं. इथे लिओपोल्ड यांचा प्रामाणिकपणा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यांनी गसची नुसती थोरवी गायली नाही, त्याची चूकही नोंदवली. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५३ साली मुलाने संपादित केलेल्या 'राउंड रिव्हर' या पुस्तकात ती आहे. फेझंट सापडेनात, की गस पाणकोंबडीच्या कुळातल्या सोरा रेलमागे, नाहीतर माळावर गाणाऱ्या मेडोलार्कमागे तेवढ्याच हिरिरीने लागे; खरं हरवलंय हे त्याने स्वतःपासूनच लपवल्यासारखं. लिओपोल्ड यांना त्यात निसर्गसंरक्षणाचं काम करणारे आपण सारेच दिसले: मूळ दुखणं सापडत नाही, म्हणून हाती लागेल त्या योजनेमागे धावणारे. कौतुकच करायचं असतं तर हा प्रसंग त्यांनी गाळला असता.