हिकरीचं कलम

मंडळी, दोन महिने इथे काही लिहिलं नाही म्हणून काही जणांनी फोन करून चौकशी केली. तब्येत ठणठणीत आहे. सध्या मुक्काम लेकाकडे, ओहायोत, आणि घरात आठवडाभर एकच विषय चालू आहे: हिकरी.

हिकरी म्हणजे अक्रोडाच्या कुळातलं इथलं रानझाड. शेजारच्या आजोबांच्या आवारात एक जुनं आहे. सालीच्या लांब पट्ट्या सुटून खोडावर लोंबत असतात, म्हणून याला शॅगबार्क म्हणतात. ऑक्टोबरात आजोबांनी पिशवीभर फळं दिली. मी हातोडी घेऊन बसले. अर्धा तास ठोकून मूठभर गर निघाला, तोही भुगा! पण चव? अक्रोडाचा तुरटपणा नाही, लोण्यासारखा गोडवा. लेकाने तिथल्या तिथे जाहीर केलं, "आई, आपण मागे दोन झाडं लावू. कुठली ते तू ठरव."

झालं, निवृत्त बाईंना गृहपाठ मिळाला. वही-पेन्सिल घेऊन बसले. शेलबार्क जातीचं फळ हिकरीत सर्वांत मोठं, पण कवच जाड आणि झाडाला ओलसर, सखल जमीन लागते. आमचं अंगण उताराचं. बिटरनट नावाप्रमाणेच कडू, म्हणून बाद. राहिलं शॅगबार्क. बी रुजवलं तर फळ कसं निघेल याचा भरवसा नाही आणि भरघोस फळं यायला चाळीसेक वर्षं! कलम लावलं तर दहा-बारा वर्षांत. कलमी जात निवडताना नुसता फळाचा आकार पाहत नाहीत, फोडल्यावर गराच्या फाका अखंड सुटतात का तेही पाहतात. शिवाय नर तुरे आणि मादी फुलं एकाच झाडावर असली तरी बहुधा एका वेळी तयार होत नाहीत. म्हणून दोन वेगळ्या जाती हव्यात. एकाच जातीची दोन कलमं म्हणजे शेवटी एकच झाड. मी विलकॉक्स आणि योडर नंबर वन लिहिली, दोन्ही ओहायोतलीच.

आमच्या कुडाळच्या घरामागे भावजींनी काजूचं वेंगुर्ला-४ लावलं होतं. तिसऱ्या वर्षी बोंडं धरली. इथे मात्र पहिली काही वर्षं झाड वर वाढताना फारसं दिसत नाही, सोटमूळ खाली खोल जात राहतं. एकदा नीट रुजलं की ते उपटून दुसरीकडे नेता येत नाही.

हे वाचलं आणि पेन्सिल थांबली.

लेक १९९९ साली 'दोन वर्षांसाठी' म्हणून आला. मग दरवर्षी "पुढच्या वर्षी बघू." कुडाळला वरच्या मजल्यावर त्याची खोली मी तशीच ठेवली आहे. दर दिवाळीला उघडून झाडते, गादीला ऊन दाखवते. आता तो अठ्ठेचाळीसचा आहे. कलमाला फळं धरतील तेव्हा साठीचा असेल.

क्षणभर वाटलं, सांगावं, कशाला एवढा खटाटोप, कुंडीत टोमॅटो लाव. नाही सांगितलं. रात्री जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "फळं येतील तेव्हा तू इथेच असशील ना रे?"

तो ताटातली भाजी चिवडत राहिला. "असेन बहुतेक, आई."

त्यातलं 'बहुतेक' माझ्यासाठी होतं, हे कळायला बाईंना व्याकरण लागत नाही. मी म्हटलं, "मग दोघांत अंतर भरपूर ठेव. मोठी होतात ती झाडं." कलमं वसंतात येतील. खड्ड्यांच्या जागा आम्ही काल खुंट्या ठोकून ठरवल्या.

असो. भावजी, हे वाचत असाल तर, बँकेतल्या त्या मुलाला वरची खोली भाड्याने द्यायची म्हणत होतात ना? द्या. फक्त कपाटातली पुस्तकं मी येईपर्यंत हलवू नका.